गच्चीवरच्या हायड्रोपोनिक्सची टाकी दर उन्हाळ्यात तापते : इंदूरच्या हवेत स्वस्तात पाणी गार कसं ठेवायचं

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्यात, म्हणजे द्रावणात, झाडं वाढवणं. हे द्रावण टाकीत असतं आणि पंपाने झाडांच्या पाइपांतून फिरतं. उन्हाळ्यातली तक्रार साधारण अशी असते. होळीपर्यंत लेट्यूस, पालक, तुळस सगळं झकास. एप्रिलच्या मध्यावर दुपारी झाडं माना टाकायला लागतात. टाकीत हात घातला तर पाणी कोमट. बर्फाच्या बाटल्या सोडल्या की दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. टाकी घासली, द्रावण बदललं, मुळं धुतली. दहा-बारा दिवसांनी मुळं पुन्हा तपकिरी आणि बुळबुळीत. पुढच्या वर्षी हीच कथा.

ही अडचण परत परत येते, कारण बहुतेक जण टाकी गार करत बसतात आणि उष्णता शिरते भलतीकडून. ती कुठून शिरते हे आधी मोजायचं, तिथे अडवायची, आणि उरेल तेवढीच बाहेर काढायची. क्रम उलटा झाला की कितीही बर्फ आणा, पुरत नाही.

किती तापमान चालतं

पालेभाज्यांना मुळाशी २० ते २२ अंश उत्तम. २५-२६ पर्यंत काम भागतं. २८ च्या वर धोका, आणि ३० च्या वर रोज चार तास राहिलं तर मुळं सडायला निमित्त हवं असतं इतकंच. कारण दुहेरी आहे. पाणी तापतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, आणि त्याच वेळी मुळांचा श्वास वाढतो. साधारण १० अंशांमागे दुप्पट. इंदूर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरवर असल्याने हवेचा दाब कमी, म्हणून प्राणवायू आणखी ६ टक्क्यांनी घटतो. इथल्या दाबाला २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.५ मिलिग्रॅम मावतो, २५ ला ७.७, ३० ला ७.१, ३५ ला ६.५. एअर स्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे दगड, दुप्पट केले तरी ही कमाल मर्यादा हलत नाही. तिकडे पिथियम नावाच्या मूळकुजीच्या जिवाला हीच ऊब मानवते.

आधी खात्री करा, दोष पाण्याचाच आहे ना

दुपारी वाकलेली झाडं संध्याकाळी सातपर्यंत आपोआप उभी राहत असतील आणि मुळं पांढरी असतील, तर टाकी निर्दोष आहे. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांना झेपत नाही, एवढाच अर्थ. तिथे पानांवर सावली हवी. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची कड करपली असेल तर तिथवर कॅल्शियम पोचलेलं नाही, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे द्रावणातल्या क्षारांचं माप) १.० ते १.२ वर आणा, झाडांमधून वारा फिरू द्या.

पण मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, वरची साल निसटून हातात पातळ दोरा राहिला आणि कुजट वास आला, तर पिथियम आहे. त्याचा इलाज शेवटी दिला आहे. पाणी गार केल्याशिवाय तो टिकत नाही.

उष्णता कुठून येते, हे मोजून काढा

मत्स्यालयात वापरतात तो वायरला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर पुरतो. ग्लासभर कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन त्यात पाच मिनिटं सेन्सर ठेवा; ० दाखवायला हवं. किती चूक दाखवतो ते त्याच्यावरच लिहून ठेवा. सगळी मापं एकाच थर्मामीटरने घ्या, कारण दोन स्वस्त थर्मामीटरांत एका अंशाचा फरक सहज पडतो आणि इथे अर्ध्या अंशावर निर्णय ठरतो.

दुपारी अडीचच्या सुमाराला तीन ठिकाणी मोजा: टाकीत, पाइपच्या तोंडाशी, आणि पाइपमधून परत येणाऱ्या धारेत. चौथं माप पहाटे सहाला, फक्त टाकीत.

उदाहरणाला एक ठरावीक मांडणी घेऊ. तीन मीटर लांबीचे चार इंची सहा पाइप, १०० लिटरची टाकी, प्रत्येक पाइपला मिनिटाला दीड लिटर पाणी. म्हणजे तासाला ५४० लिटर फिरतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. येताना पाणी जातानाच्यापेक्षा फक्त एक अंश गरम असेल, तर पाइप तासाला ५४० किलोकॅलरी आत घेत आहेत. टाकी १०० लिटरची. म्हणजे दुसरं काही आड आलं नाही तर तासाला पाच अंशांची वाढ. 'एकाच अंशाचा तर फरक आहे' म्हणून हे माप सोडून दिलं जातं आणि सगळी चूक तिथेच होते. अर्ध्या अंशाचा फरकही बर्फाच्या अडीच-तीन लिटर बाटल्या तासाभरात खाऊन टाकतो.

फरक नगण्य आणि तरी टाकी तापते? मग ऊन थेट टाकीवर येतंय, खालची फरशी तापवतेय किंवा पंप तापवतोय. पहाटे सहालाही टाकी २६ च्या वर? मग दिवसाची उष्णता रात्री बाहेर पडायला वाटच नाही.

जानेवारीतली सावली मे महिन्यात नसते

कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं, इंदूर त्याच्या किंचित दक्षिणेला. हिवाळ्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या कठड्याची किंवा जिन्याच्या खोलीची सावली लांब पडते आणि टाकी त्या सावलीत बसवली जाते. मेअखेरीस सूर्य जवळपास डोक्यावर येतो, कठड्याची सावली वितभर उरते. शिवाय मावळतीचा सूर्य वायव्येकडे सरकतो, म्हणून जी बाजू वर्षभर सुरक्षित होती तिच्यावर चार वाजता तिरपं ऊन येतं. डिसेंबरात टाकीची जागा ठरवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. मे महिन्यात एकदा १२ वाजता आणि एकदा ४ वाजता सावलीची कड खडूने आखून घ्या.

मे महिन्यातल्या दुपारी चौरस मीटरमागे ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. आपल्या सहा पाइपांचं माथ्याचं क्षेत्र १.८ चौरस मीटर. करडा पाइप त्यातलं दोनतृतीयांशाहून जास्त शोषतो, म्हणजे हजार वॅटच्या गीझरसारखा तो तुमच्या द्रावणावर चालू असतो. स्वच्छ पांढरा पाइप पाव हिश्शाच्या आसपास शोषतो. वर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, सावलीची जाळी बांधली की तेही निम्मं होतं. दुसरा कोणताही स्वस्त उपाय एवढा फरक पाडत नाही.

रंग देताना पाइप आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पापुद्रे निघतात. पांढऱ्या पातळ पाइपातून उजेड आत झिरपतो आणि शेवाळ माजतं, म्हणून आधी काळ्या रंगाचा एक हात, वर बाहेरच्या भिंतीच्या पांढऱ्या इमल्शनचे दोन. चुना लावू नका. स्वस्त असतो खरा, पण त्याचे पापुद्रे नेट कपातून (रोप बसवायच्या जाळीदार कपातून) द्रावणात पडतात आणि पीएच चढत राहतो. मग कारण शोधण्यात आठवडा जातो. एप्रिल-मेच्या धुळीत पांढरा रंग महिन्याभरात मातकट होतो. दर पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसायचं काम यादीत ठेवाच.

जाळी पाइपांपासून ६० सेंटिमीटर ते एक मीटर वर, बाजू वाऱ्याला उघड्या, आणि पश्चिमेला दुपारनंतर सोडता येईल असा एक पडदा. मिळाली तर पांढरी घ्या, हिरवी स्वतःच तापते. ७५ टक्क्यांची घेतली की झाडं लांबुडकी होतात.

टाकी थेट गच्चीच्या फरशीवर ठेवू नका. चार विटा, त्यावर फळी, फळीवर दोन इंची थर्माकोल, मग टाकी.

पंप आणि वरून भरलेलं पाणी

पाण्यात बुडालेला पंप जितकी वीज खातो तेवढी जवळपास सगळी शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. ४० वॅटचा पंप चोवीस तासांत सुमारे ८२५ किलोकॅलरी सोडतो. १०० लिटरला आठ अंशांहून जास्त. १८ वॅटचा साधा कूलर पंप निम्म्याहून कमी. पाइप टाकीपासून एक मीटरच्या आत असतील तर लहान पंप बहुधा पुरतो. प्रत्येक पाइपच्या तोंडाशी मापाचा मग धरून मिनिटाला एक लिटर भरतोय का ते पाहा. एअर पंपाची गरम हवा पाणी तापवते हा मात्र गैरसमज आहे. हवेत उष्णता मावतेच किती! उलट कोरडी हवा बुडबुड्यांतून जाताना थोडं पाणी उडवून नेते. पंप सावलीत ठेवा तो त्याच्या स्वतःच्या आयुष्यासाठी.

उन्हाळ्यात टाकी रोज १०-१५ लिटर पिते. ते पाणी दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाने भरलं जातं, आणि तिथे पाणी ४० अंशांवर असतं. ८० लिटर २६ अंशाच्या पाण्यात असलं २० लिटर ओतलं की सगळं २८.८ वर जातं. हौदातलं पाणी सकाळी सहा-सातला भरा. नर्मदेचं असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातो आणि पाणी गारही होतं. बोअरचं पाणी गार असतं पण जड. ईसी मोजल्याशिवाय ओतू नये.

माळव्याची रात्र वापरा

इथे इंदूरकरांचं नशीब चांगलं आहे. मे महिन्यात दुपारी ४०-४१ असलं तरी हवा कोरडी, आणि रात्री पारा २४-२५ वर उतरतो. कोरड्या हवेत पाणी किती गार होऊ शकतं याची खालची मर्यादा ओल्या फडक्याच्या तापमानाने कळते. सेन्सरला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्यासमोर तीन-चार मिनिटं धरा, आकडा स्थिर होईल तो तुमचा. पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत दुपारी तो २२ च्या आसपास येतो, पहाटे १७-१८. बाष्पीभवनाने पाणी या आकड्याच्या दोन-तीन अंश वरपर्यंत आणता येतं, त्याच्या खाली कधीच नाही.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एक किलो बर्फ वितळून २५ अंशांपर्यंत येताना सुमारे ११० किलोकॅलरी ओढतो. एक लिटर पाणी उडून जाताना ५८० ओढतं. पाचपट, आणि फ्रीजचं बिल नाही. माठात पाणी गार होतं ते याच बळावर. फक्त उडणारं पाणी खताचं नसावं. द्रावणच उडवलं तर क्षार मागे राहतात, ईसी चढतो, पीएचही वर सरकतो. साधं पाणी उडवा आणि त्याचा गारवा भिंतीआडून द्रावणाला द्या. याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: ओलं गोणपाट

एकच टाकी किंवा निळा ड्रम असेल तर. ड्रमभोवती तागाचं गोणपाट एकेरी घट्ट गुंडाळा, सैल राहिलं तर मधली हवा गारवा अडवते. वरच्या कडेने १२ मिलिमीटरची ठिबक नळी फिरवून तासाला दोन लिटरचे चार ड्रिपर लावा आणि ती साध्या पाण्याच्या बादलीला जोडा. ड्रिपर सतत चालवायचे नाहीत. गोणपाट ओलं राहील पण खाली पाणी साचणार नाही इतकंच, तासातून दहा-पंधरा मिनिटं. आरओचं वाया जाणारं पाणी इथे चालतं, पण क्षारांची पांढरी खपली धरते आणि तागाची छिद्रं बुजतात. आठवड्याला गोणपाट झटकून धुवा. ड्रम सावलीत पण वाऱ्यावर हवा. कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेला ड्रम नुसता ओला राहतो, गार होत नाही.

गोणपाट आणि थर्माकोल दोन्ही एकावर एक लावणं ही नेहमीची चूक. एक उष्णता काढायला बसवलेलं, दुसरं अडवायला. दोन्ही मिळून काहीच होत नाही.

दुसरा मार्ग: कूलरच्या टाकीत नळीचं वेटोळं

आमच्या मते पाइपच्या मांडणीसाठी हाच सगळ्यात किफायतशीर उपाय. घरोघरी चालणाऱ्या डेझर्ट कूलरच्या टाकीतलं पाणी पॅडवरून फिरून फिरून ओल्या फडक्याच्या तापमानाजवळ आलेलं असतं. कूलर रात्रभर चालतो तेव्हा तर ते सगळ्यात गार. तासाला तीन लिटर पाणी उडवणारा कूलर दीड हजारांहून अधिक किलोकॅलरी बाहेर टाकतो. त्यातल्या दीडदोनशे तुमच्या द्रावणाने घेतल्या तर खोलीला फरक कळत नाही.

सामान: १६ मिलिमीटरची ठिबकची साधी लॅटरल, म्हणजे ड्रिपर नसलेली, १५ मीटर सलग, १८ वॅटचा वेगळा पंप, दोन क्लिप, एक जाळीदार गाळणी. इंदूरच्या छावणी भागातल्या शेती-सामानाच्या दुकानांत लॅटरल मीटरवर मिळते.

लॅटरल उन्हात तासभर ठेवून मऊ करा आणि टाकीत मावेल अशा व्यासाचं वेटोळं घाला. वळणांमध्ये बोटभर जागा सोडा, सुतळीने नव्हे तर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधा. तुकडा सलगच हवा. कूलरच्या टाकीत एकही जोड नको, कारण जोड गळला की इकडे कूलरचं घाण पाणी द्रावणात आणि तिकडे खताचं पाणी पत्र्यात. वेटोळं पूर्ण बुडालेलं हवं, वर एखादा गुळगुळीत दगड ठेवा. पॅडवरून पाणी जिथे खाली पडतं त्या बाजूला ठेवलं तर पाणी हलत राहून काम जास्त होतं. द्रावणाच्या टाकीत पंप, त्याच्या तोंडाला गाळणी, तिथून नळी वेटोळ्यात आणि दुसरं टोक परत टाकीत.

हे वळण झाडांच्या मुख्य ओळीत घालू नका, वेगळंच ठेवा. शेवाळाने नळी तुंबली तर पाणी गरम होईल इतकंच. झाडं कोरडी पडणार नाहीत.

वेटोळ्याचा पृष्ठभाग पाऊण चौरस मीटर भरतो. दोन्ही पाण्यांत तीन अंशांचं अंतर असताना २०० वॅटच्या आसपास उष्णता ओढली जाते, म्हणजे १०० लिटरला तासाला पावणेदोन अंश. अंतर कमी होईल तसा वेग मंदावतो. आठवून पाहा, उघडा करडा पाइप हजाराहून जास्त वॅट आत घेत होता. म्हणूनच सावली आणि रंग आधी. तांब्याची नळी उष्णता कितीतरी चांगली वाहते, पण आम्लधर्मी द्रावणात तांबं उतरतं आणि मुळांना विष होतं. तांबं किंवा पितळ द्रावणाला लागू देऊ नका.

कूलर खालच्या मजल्याच्या खिडकीत आणि मांडणी गच्चीवर असेल तर लहान पंपाला तेवढी उंची झेपत नाही. अशा वेळी जुन्या, मोटर जळालेल्या कूलरचं नुसतं शरीर, नवे पॅड आणि त्याचा पंप एवढं गच्चीवर सावलीत ठेवा. तिथला वारा पंख्याचं काम करतो. गुळगुळीत मधाच्या पोळ्यासारख्या पॅडपेक्षा वाळ्याचा किंवा लाकडाच्या तासणीचा पॅड स्वस्त पडतो, फक्त दर हंगामाला बदलावा लागतो.

विजेबद्दल स्पष्टच सांगायचं तर, पत्र्याचा कूलर, पाणी आणि दोन पंप एकत्र म्हणजे जिवाशी गाठ. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवा, आणि टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. कूलरचं पाणी आठवड्याला बदला, डासांसाठीही आणि साठणाऱ्या क्षारांसाठीही.

थर्माकोल कधी

दुसरा मार्ग घेतला असेल तर टाकीला दोन इंची थर्माकोल हवाच. १०० लिटरची उघडी टाकी सावलीतही गरम हवेतून तासाला अंशभर घेते. थर्माकोलने ते दशांशावर येतं. पण रात्री पाणी गार करायची सोय नसताना थर्माकोल लावला तर पाइपांनी दिवसभर आणलेली उष्णता तो रात्रभर जपून ठेवतो. पहाटेचं माप २६ च्या वर येण्याचं हे सर्वांत सामान्य कारण. सोय नसेल तर रात्री झाकण काढून मच्छरदाणीचं कापड बांधा आणि सकाळी सातच्या आत पुन्हा झाका.

बर्फ, पेल्टियर आणि बाकीचं

बर्फ वाईट नाही, त्याची जागा वेगळी. १५-२० लिटरच्या बादलीत एखादंच झाड असेल तर एक लिटरची बाटली पाच-सहा अंश उतरवते. बाटली नऊ दशांश भरा, नाहीतर फुटते. पाणी तापायच्या आधी, साडेअकराच्या सुमाराला सोडा. ३२ अंशाच्या पाण्यात दुपारी तीनला एकदम चार बाटल्या टाकल्या तर मुळं अचानक गारठून पाणी ओढणं मंदावतात आणि भर उन्हात झाड आणखी वाकतं. बर्फाचे खडे थेट टाकू नका, ईसी पातळ होतो.

इंदूरच्या जेल रोडवर सहज मिळणारी पेल्टियरची चकती (वीज दिली की जिची एक बाजू गार होते ती) ६० वॅट खाऊन २०-३० वॅट गारवा देते. १०० लिटरला तासाला पाव अंश. त्यात पैसे घालू नका. टाकी जमिनीत पुरणं उत्तम, पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून प्लॅस्टिकची टाकी दाबते; भोवती वीतभर वाळू भरल्याशिवाय पुरू नये, आणि पावसाळ्यात रिकामी ठेवू नये, वर उचलली जाते.

मुळं आधीच सडली असतील तर

सडलेला भाग कात्रीने कापा, झाड निम्मी पानं कमी करून ठेवा. द्रावण पूर्ण फेका. टाकी, पाइप, नळ्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा, अर्धा तास राहू द्या, दोनदा खळखळून घ्या. पाइपांच्या सांध्यांत अडकलेले मुळांचे धागे आणि आतला बुळबुळीत थर राहिला तर दहा दिवसांनी कुजणं तिथूनच परततं. 'धुतलं होतं तरी पुन्हा झालं' याचं उत्तर बहुधा तिथे सापडतं. जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ट्रायकोडर्मा ही मूळकुजीशी लढणारी उपकारक बुरशी एकाच टाकीत नको, पहिला दुसऱ्याला मारतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून हवेत दमटपणा चढतो, ओल्या फडक्याचं तापमान २५-२६ वर जातं आणि गोणपाट, कूलर दोन्ही थकतात. पाऊस नीट लागेपर्यंतचे ते दहा-पंधरा दिवस लेट्यूससाठी सर्वांत वाईट. त्या काळात काढणीला येईल अशा बेताने मेच्या पहिल्या आठवड्यानंतर लेट्यूसची नवी रोपं लावू नका. पाइपांत तुळस, पुदिना किंवा कलमीची भाजी घाला. त्यांना २८ अंशांचं पाणी चालतं.